आपल्या पिकअपची प्रतिकृती : गाडी मापाला आणण्यापूर्वी वाचावे

ज्या पिकअपच्या जोरावर धंदा उभा राहिला, ती विकण्यापूर्वी किंवा मोडीत देण्यापूर्वी तिची छोटी प्रतिकृती करून घ्यावी, या इच्छेने बहुतेक ग्राहक कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या कार्यशाळेत येतात. त्याच बनावटीची तयार छोटी गाडी कधी कधी बाजारात मिळतेही. परंतु आपली गाडी कारखान्यातून बाहेर पडली, त्या दिवसापासून ती इतरांपेक्षा वेगळी होत गेली आहे. हौद्याला वाढवून घेतलेला पत्रा, फाळक्याची बदललेली कडी, मार्केट यार्डात गाडी मागे घेताना बसलेला चेप आणि काचेवर लिहून घेतलेले ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हेच खरे आपल्या गाडीचे रूप आहे आणि आम्ही घडवतो ते हेच. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, मापापूर्वी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ नये. केवळ धुऊन आणावी.

प्रमाण कोणते घ्यावे, हे जागेवर आणि हव्या असलेल्या बारकाव्यावर ठरते. ३८०० मिलिमीटर लांबीची टाटा एस १:२४ प्रमाणात सुमारे १५८ मिलिमीटर, १:१८ मध्ये सुमारे २११ मिलिमीटर आणि १:१० मध्ये ३८० मिलिमीटर भरते. दुकानाच्या काउंटरवर किंवा घरातील शोकेसमध्ये ठेवायची असल्यास आम्ही १:१८ सुचवतो, कारण या प्रमाणात चाकाचे नट, हौद्याचे हुक आणि पिवळ्या नंबर प्लेटवरील काळी अक्षरे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसतात.

मापे घेण्यासाठी गाडी सपाट फरशीवर, चाकांत योग्य हवा भरून उभी करावी लागते. प्रत्येक कोपऱ्यातून आणि कडेवरून ओळंबा सोडून आम्ही फरशीवर खडूने खुणा करतो, मग टेप आणि व्हर्नियरने अंतरे घेतो. लेझर स्कॅनिंग उपयोगी असले, तरी काच आणि चकचकीत क्रोम त्यात नीट उमटत नाहीत, त्यामुळे हाताने घेतलेल्या मापांवरच आमचा अधिक भरवसा आहे. एक गोष्ट मात्र आपण ठरवायची आहे : गाडी रिकामी दाखवायची की भरलेली. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग वर उचललेला असतो आणि माल चढला की पाटे (चाकांवरच्या कमानदार स्प्रिंग-पट्ट्या) सरळ होऊन गाडी खाली बसते. प्रतिकृतीत गुळाचे रवे ठेवून पाटे मात्र रिकाम्या गाडीचे ठेवले, तर नेमके काय चुकले हे सांगता आले नाही, तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकतेच.

गाडी आधीच विकली गेली असल्यास जुन्या छायाचित्रांवरून काम करता येते; पण नव्या मालकाने परवानगी दिल्यास नवी छायाचित्रे काढणे उत्तम. मोबाइल गाडीजवळ नेऊन काढलेल्या छायाचित्रात पुढचे तोंड प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. त्यामुळे शक्य तितके लांब उभे राहून, झूम करून, मोबाइल गाडीच्या निम्म्या उंचीवर धरून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. उन्हापेक्षा सावली बरी. दरवाज्यावर एक फूटपट्टी चिकटवलेली असेल, तर आमचे अर्धे काम सोपे होते.

पत्रा आणि रंग यांत सर्वाधिक कसब लागते. मूळ गाडीचा सुमारे ०.८ मिलिमीटरचा पत्रा १:१८ मध्ये ०.०५ मिलिमीटरहूनही पातळ व्हायला हवा, आणि इतक्या पातळ भिंती उभ्या राहत नाहीत. म्हणून आम्ही एबीएस प्लास्टिकची शीट जाड घेतो आणि जिथे कड डोळ्यांना दिसते, तिथेच ती आतून तासून पातळ करतो. रंगाचेही तसेच आहे : कारखान्यातील रंगाचा थर साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. तोच थर प्रतिकृतीवर दिला, तर तो १.८ मिलिमीटर जाडीचा भासतो आणि दरवाज्यांच्या फटी बुजून जातात. त्यामुळे एअरब्रशने अतिशय विरळ हात देतो. छटा टपावरील उडालेल्या रंगाची हवी की दरवाज्याच्या आतल्या बाजूला टिकून राहिलेल्या मूळ रंगाची, हे कृपया आधी कळवावे.

काही ग्राहक आपल्या शेतातील माती चाकांना लावण्यासाठी आणून देतात. ही भावना आम्हाला मोलाची वाटते, पण अर्ध्या मिलिमीटरचा कण १:१८ मध्ये ९ मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो. म्हणून त्या मातीशी जुळणारी बारीक रंगपूड आम्ही वापरतो, मग ती राधानगरीकडची तांबडी असो की शिरोळची काळी. खरा गूळही हौद्यात ठेवत नाही, कारण तो पावसाळ्यात पाझरतो आणि त्याला मुंग्या लागतात. रवे रेझिनचे ओततो.

रंग देण्यापूर्वी, प्रतिकृती प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरात, असताना आपणास एकदा बोलावले जाईल. त्या वेळी गाडी रोज चालवणाऱ्या व्यक्तीला आवर्जून सोबत आणावे. चेप कुठे आणि किती खोल होता, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. रंग चढल्यावर आकारात बदल करता येत नाही. किंमत आणि मुदत मापे झाल्यावर लेखी कळवली जाते.

प्रतिकृती काचेच्या पेटीत, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि धूळ मऊ ब्रशनेच काढावी. ती नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये : काही लहान भाग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेले असतात, ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतात, आणि उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापू शकतो. आरसा किंवा वायपर निखळल्यास घरी गोंदाने चिकटवू नये, तुकड्यासह आमच्याकडे आणावे.