खाऱ्या हवेत कोणता लॅपटॉप न्यावा?

लॅपटॉप बंद पडतो, दुरुस्तीला जातो आणि दुकानातून उत्तर येतं, "आत पाणी गेलंय." मालक शपथेवर सांगतो की चहाचा थेंबसुद्धा सांडलेला नाही. गोव्यात हा वाद नवा नाही, आणि पुष्कळदा दोन्ही बाजू खऱ्या असतात. पाणी कुणी सांडलेलं नसतं, ते हवेतून आलेलं असतं.

फिरतीसाठी छोटा संगणक घेताना आपण वजन, किंमत आणि खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे तास बघतो. तपशीलपत्रकाच्या अगदी तळाशी मात्र एक ओळ असते: वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस, सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत, पण बाष्पाचं पाणी होणार नाही अशा स्थितीत. आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, शेवटची अट जवळपास सगळीकडे असते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी आधी ही ओळ वाचावी, कारण आपल्याकडे ती अट दिवसातून दोन-तीनदा मोडते.

हवा ठरावीक तापमानाला ठरावीकच बाष्प धरू शकते. ३० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २३ अंशांना साडेवीस ग्रॅम. पावसाळ्यातली पणजीची दुपार घ्या: ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प. ही हवा एखाद्या २३ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की जास्तीचे साडेतीन-चार ग्रॅम तिला धरता येत नाहीत आणि त्यांचं पाणी होतं. ज्या तापमानाला ही सुरुवात होते तो दवबिंदू. तो काढायची एक सोपी रीत आहे: १०० मधून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा, उरलेल्याला ५ ने भागा आणि आलेला आकडा तापमानातून वजा करा. ३० अंश, ८० टक्के, म्हणजे दवबिंदू २६ अंश. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हा हिशेब पुरेसा अचूक येतो, आणि गोव्यात ती बहुतेक वेळ वरच असते.

आता रात्रभर २३ अंशांच्या एसी खोलीत किंवा एसी बसमध्ये राहिलेला लॅपटॉप सकाळी बाल्कांवात आणून उघडला, तर तो दवबिंदूपेक्षा ३ अंश थंड असतो. झाकणावर धुकं धरलेलं दिसतं, ते आपण पुसतो. तेच धुकं आत सर्किट बोर्डावरही धरलेलं असतं, तिथे हात पोचत नाही. एसीतला लॅपटॉप सुरक्षित असतो हा समज अर्धाच खरा आहे. एसीत असेपर्यंत तो सुरक्षित असतो, धोका बाहेर काढतानाचा.

उपाय साधा आहे. खोलीतच लॅपटॉप पिशवीत घालून चेन पूर्ण लावायची, मग बाहेर पडायचं आणि पाऊण-एक तास पिशवी उघडायची नाही. पिशवीतली हवा खोलीतली, म्हणजे कोरडी असते. बाहेरची दमट हवा आत शिरायच्या आत लॅपटॉप २६ अंशांच्या वर गेला की काम झालं. चालू असलेला, हाताला कोमट लागणारा लॅपटॉप दवबिंदूच्या वरच असतो. घात होतो तो झोपलेल्या, गार पडलेल्या लॅपटॉपचा.

नुसतं दवाचं पाणी मात्र फारसं वीजवाहक नसतं. त्याला वीजवाहक करतं ते मीठ. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा पाण्यातले असंख्य बुडबुडे फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. यातलं बरंच मीठ किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांतच खाली बसतं. त्यामुळे मिरामारला किंवा कळंगुटला समुद्रासमोर काम करणं आणि फोंड्याला किंवा वाळपईला काम करणं यात लॅपटॉपच्या दृष्टीने खूप फरक पडतो.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं हे आपण घरोघरी बघतो. शुद्ध सोडियम क्लोराइड आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होऊ लागतं. आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता इतकी खाली येणं विरळाच. म्हणजे बोर्डावर मिठाचा कण बसला की दव पडायचीही गरज उरत नाही, तो कण आपलं पाणी आपणच गोळा करतो. सैंधवाचे दिवे "संगणकाची घातक किरणं शोषतात" म्हणून टेबलावर ठेवायला विकले जातात, ते याच नियमाने जून-जुलैत पाझरू लागतात. किरणं शोषण्याचा गुण मिठात नाही, हवेतलं पाणी शोषण्याचा आहे, आणि ते पाणी खारं होऊन टेबलावर उतरतं. लॅपटॉपशेजारी ठेवण्यासारखी ती वस्तू नाही. किरणं अडवणारा म्हणून विकला जाणारा स्टिकर तसाच निरुपयोगी: त्याने लहरी खरोखर अडवल्या असत्या तर वायफायच बंद पडलं असतं.

आता बोर्डावर काय घडतं ते नीट बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. शेजारशेजारचे दोन धातूचे ठिपके आहेत, मधलं अंतर मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं. एकावर ३.३ व्होल्ट, दुसरा शून्यावर. मध्ये खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर. धन बाजूला तांब्याचे किंवा कथलाचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि आयन होऊन पाण्यात उतरतात. मिठातला क्लोराइड आयन धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा फोडून हे काम सोपं करतो. आयन ऋण बाजूला सरकतात, तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात आणि ते पुन्हा धातू होऊन बसतात. धातू पाण्यातून इकडून तिकडे गेला. शाळेतल्या विद्युत-विलेपनाच्या प्रयोगात हेच होतं.

मात्र इथे गुळगुळीत मुलामा चढत नाही, नेच्याच्या पानासारखी फांदी वाढते. पृष्ठभागावर कुठेतरी जरासा उंचवटा असतो. त्याच्या टोकाशी विद्युतक्षेत्र सर्वांत तीव्र असतं, म्हणून पुढचे आयन तिथेच ओढले जातात. टोक वाढतं, टोकदार झाल्याने क्षेत्र आणखी तीव्र होतं, वाढीला आणखी वेग येतो. फांदी ऋण बाजूकडून धन बाजूकडे निघते आणि अंतर कमी होत जाईल तशी जोरात धावते. प्रयोगशाळेत दोन पट्ट्यांवर पाण्याचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही धातूंची ही वाढ मिनिटांत दिसते.

फांदी पलीकडे टेकली की शॉर्ट. ती इतकी बारीक असते की तिच्यातून प्रवाह वाहताच ती पुष्कळदा फ्यूजसारखी जळून जाते. मशीन पुन्हा ठीक चालतं. पाणी आणि मीठ तिथेच असल्याने काही दिवसांनी नवी फांदी वाढते. "कधी चालू होतो, कधी होत नाही, दुकानात नेला की चालतो" या तक्रारीमागचं एक कारण हे असू शकतं. लॅपटॉप बंद ठेवल्याने सुटका होत नाही. बॅटरी आतच जोडलेली असते आणि चालू करायच्या बटणावर लक्ष ठेवणाऱ्या भागाला बंद अवस्थेतही वीज मिळत राहते. लेनोव्होच्या काही थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, अंतर्गत बॅटरी तात्पुरती तोडण्याची सोय आहे. चार्जर जोडला की ती परत जोडली जाते. पावसाळ्यात महिनाभर लॅपटॉप पडून राहणार असेल तर ही सोय जरूर वापरावी.

इथून खरेदीचा पहिला निकष निघतो: पंखा आहे की नाही. लॅपटॉपचा छोटा पंखा सेकंदाला एक लिटर हवा ओढतो असं धरलं, तर आठ तासांत सुमारे २९ घनमीटर हवा आतून जाते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली जवळपास एवढीच असते. समुद्रासमोर बसून दिवसभर काम केलं तर एका खोलीभर खारी हवा बोर्डावरून फिरवली.

मग पंखा नसलेलाच सगळ्यांनी का घेऊ नये? कारण उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग लागतो, आणि छोट्या संगणकाकडे तोच कमी असतो. पंख्याविना, हवेचं आपसूक अभिसरण आणि प्रारण मिळून, चौरस मीटरमागे दर अंशाला साधारण १० वॅट उष्णता निघते. तेरा इंची लॅपटॉपचं अंग ३० बाय २१ सेंटिमीटर. वरची-खालची बाजू मिळून ०.१२६ चौरस मीटर. हाताला सोसवेल असं ४५ अंश तापमान धरलं आणि हवा मे महिन्यातली, ३३ अंशांची असली, तर फरक १२ अंशांचा, म्हणजे १५ वॅट. थंडीत बेळगावला संध्याकाळी २० अंश असताना तेच मशीन ३१ वॅट टाकतं. आठ इंची खिशातला संगणक २० बाय १२ सेंटिमीटरचा धरला तर गोव्यात त्याच्या वाट्याला जेमतेम ६ वॅट येतात. हा वरवरचा अंदाज आहे, टेबलावर ठेवल्यावर खालची बाजू अडते आणि आकडे अजून उतरतात. पण दिशा स्पष्ट आहे: फार छोट्या अंगात ताकदवान प्रोसेसर घातला की पंखा अटळ होतो, आणि पंखा आला की मीठ आलं. सात-आठ इंची ताकदवान संगणक दिसायला मोहक असतात, पण किनाऱ्यावर रोज वापरायला माझ्या मते ही सर्वांत चुकीची निवड.

बिनपंख्याचं मशीन तापलं की प्रोसेसर वेग उतरवतो. त्याने लोक उगाच घाबरतात. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ०.५१. वेग एक पंचमांश गेला आणि उष्णता निम्मी झाली. लिखाण, हिशेब, ईमेल, व्हिडिओ कॉल यांत तो पंचमांश जाणवत नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला जाणवेल, त्याने पंख्याचं मशीन घ्यावं आणि समुद्रासमोर काम करू नये.

म्हणून अकरा ते तेरा इंच, वजन सव्वा किलोच्या आसपास आणि पंखा नाही, ही गोव्यातल्या फिरतीसाठी योग्य जात. ॲपलचे मॅकबुक एअर २०२० च्या एम१ पासून बिनपंख्याचे आहेत. स्वस्तात हवं असेल तर इंटेलच्या एन१०० सारखा ६ वॅटचा प्रोसेसर असलेलं मशीन बघावं, पण त्यात पंखा नाही ना ते विचारून घ्यावं, काही कंपन्या तरीही बसवतात. रॅम बहुतेक छोट्या मशीनमध्ये बोर्डाला जोडलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून जमल्यास १६ जीबीच घ्यावी. साठवण ईएमएमसी (मोबाइलसारखी संथ चिप) नको, एसएसडी हवी.

बॅटरीचे तास वाचूच नयेत, वॅट-तास वाचावेत. ४५ वॅट-तासांची बॅटरी आणि ५ वॅट खर्च म्हणजे ९ तास. तेच मशीन उघड्यावर पडदा पूर्ण उजळ करून १० वॅट खाऊ लागलं की साडेचार. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-तास. वाटेतली घट जाता हाती साधारण ६० उरतात, म्हणजे हा लॅपटॉप एकदा पूर्ण भरून वर तिसरा हिस्सा. त्या बँकेने यूएसबी पॉवर डिलिव्हरी या टाइप-सी चार्जिंगच्या पद्धतीवर २० व्होल्ट दिले पाहिजेत. २२.५ वॅटच्या स्वस्त बँका मोबाइलसाठी असतात, लॅपटॉप त्यांना अनेकदा जुमानत नाही. विमानतळ दाबोळी असो वा मोपा, पॉवर बँक हातसामानातच न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते.

टाइप-सी पोर्टमधल्या पट्ट्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात, आणि वीज देणारी पट्टी संवादाच्या पट्टीला लागूनच. चार्जर लावून मशीनशी बोलणं झाल्याशिवाय २० व्होल्ट येत नाहीत. म्हणून पोर्ट दमट वाटला तर चार्जर लावायचा नाही, एवढं पाळलं तरी पोर्ट वाचतो.

समुद्राचं पाणी प्रत्यक्ष उडालंच तर तांदळात पुरू नये. गोव्याच्या हवेतले तांदूळ, उकडे असोत वा सुरय, त्या हवेशी आधीच समतोल साधून बसलेले असतात, त्यांना आणखी पाणी ओढायची फारशी ताकद नसते. शिवाय पाणी गेलं तरी मीठ मागे राहतं, आणि फांद्या त्यावरच वाढतात. चालू-बंद बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करावं, "बघू चालतो का" म्हणून चार्जर लावू नये आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यावं. त्याने सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढावी, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवावा आणि मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हा क्रम महत्त्वाचा आहे: मीठ अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही, नुसत्या अल्कोहोलने पुसलं तर ते जागेवरच राहतं.

घरी ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत पाव ग्रॅमच बाष्प असतं, पण पिशवीच्या कापडात त्याच्या कितीतरी पट ओल असते, म्हणून लॅपटॉप पिशवीतून काढून ठेवावा. जेल शंभर ग्रॅम पुरे, रंग बदलणारं नारिंगी घ्यावं. ते हिरवं पडलं की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवायचं आणि गार झाल्यावरच डब्यात परत ठेवायचं.