सहा महिन्यांनी उघडा पडणारा दोष

सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. मग हातापायांचे पंजे सुजू लागतात, बाळ रडून रडून बेजार होतं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांनी हे भोगलंय. दोष तर आईबापांकडूनच आलेला, मग इतके दिवस तो होता कुठे?

होता तिथेच होता, फक्त ज्या जनुकात तो आहे, ते अजून पुरतं चालू झालं नव्हतं.

माणसाच्या पेशीत सुमारे २०,००० जनुकं असतात, पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच वाचते. हिमोग्लोबिनच्या एका घटकाची जनुकं ११व्या गुणसूत्रावर ओळीने बसलेली आहेत, आणि आयुष्यात ती ज्या क्रमाने लागतात, जवळपास त्याच क्रमाने! आधी भ्रूणाचं, मग गर्भातली गॅमा, शेवटी मोठेपणीचं बीटा. ओळीच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा आहे. त्याच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. पण डीएनएचा धागा वळसा घेतो, पट्टा ज्या जनुकापाशी येऊन टेकतो, ते जोरात चालू होतं. गर्भात तो गॅमापाशी असतो, जन्मानंतर हळूहळू बीटाकडे सरकतो.

सिकलसेलमध्ये बिघडलेलं असतं ते बीटा, तेही एका अक्षराने. गॅमा शाबूतच, नुसतं कुलूपबंद. हे कुलूप लावण्यात बीसीएल११ए या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन या संशोधकांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं.

मग ते प्रथिनच काढून टाकावं? तसं चालत नाही, मेंदूच्या वाढीलाही ते लागतं. मात्र त्याच्या जनुकाला लाल पेशींपुरतं एक वेगळं बटण आहे. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने तेवढंच बटण मोडायचं, केमोथेरपीने हाडांतल्या मज्जेत जागा करायची आणि पेशी परत सोडायच्या. बीटा आहे तसंच राहतं, पण गॅमा पुन्हा कामाला लागतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णांना आज मिळते ती हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त गोळी. ती आजार मुळापासून काढत नाही, रोज घ्यावी लागते. पण बऱ्याच जणांत तीही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते.