उतारा असेल तो आपला

जिवाणूला डोळे नाहीत, कान नाहीत. मग अंगाला येऊन टेकलेली पेशी सख्खी की परकी, हे त्याला कसं कळतं? बऱ्याचदा कळतच नाही. तो सरळ भाला मारतो. जगेल तो आपला.

भाला हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. शास्त्रीय भाषेत त्याला टाइप सिक्स सिक्रीशन सिस्टम म्हणतात, म्हणजे पेशीतला माल बाहेर टाकण्याची सहाव्या प्रकारची यंत्रणा. नाव जरा जास्तच मवाळ आहे. 2006 साली हार्वर्डमधल्या जॉन मेकालानोस यांच्या गटाने कॉलऱ्याचा जिवाणू अमीबांसमोर ठेवला. एरवी अमीबाने जिवाणूला गिळायचं. इथे अमीबाच मरू लागले, आणि मारणारी ही यंत्रणा सापडली. आधी सगळ्यांना वाटलं, हे हत्यार मोठ्या पेशींसाठीच असावं. 2010च्या सुमारास उलगडलं की बहुतेक वार शेजारच्या जिवाणूंवरच होतात.

याची घडण जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंच्या शेपटीसारखी आहे, नुसती दिसायला नव्हे, काही प्रथिनांचं नातंही लागतं. पेशीच्या पटलात एक बैठक रोवलेली. तिच्यावर टोकदार पातं आणि पात्यामागे आत लांबवर गेलेली पोकळ नळी. नळीभोवती ताणून धरलेल्या स्प्रिंगसारखं म्यान. म्यान आकसलं की नळी पात्यासकट बाहेर फेकली जाते. विषाणू बाहेरून आत भोक पाडतो, हा आतून बाहेर. 2012 मध्ये चमकणारी प्रथिनं जोडून हे जिवंत पेशीत पाहिलं गेलं, तेव्हा म्यान निम्म्या लांबीवर यायला 5 मिलिसेकंदही लागत नाहीत असं दिसलं. पापणी लवायला याच्या निदान 20 पट वेळ लागतो. आकसलेलं म्यान मग वाया जात नाही. एक प्रथिन ते सुटं करतं आणि तेच तुकडे पुढच्या भाल्याला लागतात.

नुसत्या भोकाने शेजारी सहसा मरत नाही. मारतं ते भाल्याबरोबर गेलेलं विष. कुठलं विष पटल फोडतं, कुठलं डीएनए तोडतं. स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या एका वाणाकडचं विष शत्रूचा ऊर्जेचा साठाच, म्हणजे एटीपी, उधळून टाकतं: विषाचा एकेक रेणू मिनिटाला जवळपास 1,80,000 रेणू संपवतो.

मला यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो उताऱ्याचा. जिवाणू मारणाऱ्या जवळपास प्रत्येक विषाच्या जनुकाशेजारी त्याच्या उताऱ्याचं जनुक असतं. वाटेल की हा स्वतःच्या विषापासून बचाव. पण याच स्युडोमोनासची दोन विषं पाहा. ती पेशीभित्ती कापतात. भित्ती असते आतल्या पटलाच्या बाहेर, दोन पटलांमधल्या फटीत. विष बनतं आतल्या पटलाच्या आत आणि भाल्यातून फट ओलांडून थेट बाहेर जातं. म्हणजे बनवणाऱ्याला त्याचा धोका जवळपास नाहीच. तरीही उतारा तैनात असतो तो नेमका त्या फटीत. कशासाठी? बहिणीचा भाला तिथेच येऊन विष टाकतो म्हणून! आईपासून वेगळ्या झालेल्या दोन बहिणी एकमेकींना भोसकत राहतात आणि दोघी ठणठणीत असतात.

आप्तपर ठरतात ते इथे. ओळख पटवणारं काही नाही. फक्त उतारा आहे. म्हणूनच एकाच जातीचे, पण विषांचा संच वेगळा असलेले कॉलऱ्याचे दोन वाण एकत्र ठेवले तर ते एकमेकांना मारतात. मिसळून ठेवलेल्या अशा दोन वाणांच्या हळूहळू वेगळ्या वस्त्या होतात, कारण वार फक्त चिकटून असलेल्यावर करता येतो आणि सीमेवरचे तेवढे मरतात.

सगळेच आंधळेपणाने मारतात असं मात्र नाही. कॉलऱ्याचा जिवाणू चौफेर भाले फेकतो. स्युडोमोनास सहसा आधी हात उगारत नाही. वार झाला की त्याच जागी भाला जुळवून उलट वार करतो. शेजारच्या कॉलऱ्याच्या जिवाणूची यंत्रणा बिघडवून ठेवली, तर स्युडोमोनास त्याला बहुतांशी सोडून देतो. इतका नेमका हिशेब एका पेशीत बसतो, हे मला अजूनही नवल वाटतं.

शेजाऱ्यांना मारण्यात कॉलऱ्याच्या जिवाणूचा आणखी एक फायदा आहे. समुद्रात तो कवचधारी प्राण्यांवर वस्ती करतो. कवचातलं कायटिन जाणवलं की त्याची भाल्याची जनुकं जागी होतात, आणि त्याच वेळी बाहेरचा डीएनए ओढून घेण्याचीही. शेजारी फुटला की त्याचा डीएनए हाताशी येतो. हे 2015 मध्ये दाखवलं गेलं.

भाला हा एकच मार्ग नाही. ई. कोलायचे काही वाण लांबट प्रथिन काठीसारखं बाहेर काढून, टेकलेल्या पेशीच्या ठरावीक प्रथिनाला भिडवतात आणि त्याचं विषारी टोक आत सोडतात. तिथेही उतारा ज्याच्याकडे, तो वाचतो.

आणि उतारा मिळवता येतो. माणसाच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा भालाधारी राहतो. 2019 मध्ये आढळलं की त्याच आतड्यातल्या दुसऱ्या बॅक्टेरॉइड्स जातींच्या जनुकसंचात त्याच्या विषावरचे उतारे आहेत, सोबतीचं विष मात्र नाही. जनुकांच्या देवघेवीत ते तेवढेच त्यांच्याकडे आले होते. भाला आजही त्यांच्या अंगात शिरतो, विषही सोडतो. त्यांना काही होत नाही.