ब्रश घेताना आधी हात बघा

आमच्या आईचा टूथब्रश पंधरा दिवसांत फिस्कटतो, जुन्या झाडूसारखा. वय ७६, राहते ठाण्यात, नौपाड्याला, आणि जांभळी नाक्यावरच्या दुकानात जाऊन मागते काय तर "हार्ड दे रे बाबा, मऊ नको". एकदा मी सोबत होते, म्हटलं आई सॉफ्ट घे ना, तर म्हणे, "अगं मऊने घासल्यासारखं वाटतच नाही, तोंडात बोळा फिरवल्यासारखं होतं." दुकानदाराने पण लगेच मान डोलावली. घरी आल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून तिचे दात बघितले, तर डाव्या बाजूला हिरडीच्या अगदी कडेला खाचा, ब्लेडने पेन्सिल सोलताना पहिला काप मारतो ना तशा. ती उजव्या हाताने घासते, तो जोर बरेचदा डावीकडेच जास्त पडतो.

आता खाचा तिथेच का? दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर इनॅमलचं कवच असतं, शरीरातली सगळ्यात कडक वस्तू. पण हे कवच हिरडीच्या रेषेशी संपतं, खाली मुळावर फक्त एक पातळ थर आणि त्याच्या आत डेंटिन, जे इनॅमलपेक्षा बरंच मऊ असतं. वय वाढलं, हिरड्यांचे आजार झाले, वर्षानुवर्षं जोर लावून घासलं की हिरडी मागे सरकते आणि हे मूळ उघडं पडतं. मग गार पाणी लागलं की दात शिवशिवतात. किडीचंही तेच, आम्लता वाढून पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, पण मुळाचं डेंटिन ६.५ च्या आसपासच सुरू होतं, म्हणजे बिचारं आधीच हार मानतं. त्यात बीपीच्या, ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ हाच तर आपला आम्ल धुवून काढणारा नळ. म्हणून म्हाताऱ्या माणसांना कीड बरेचदा मुळाशी लागते. पेस्टवर कीड रोखणारं फ्लोराइड लिहिलंय का एवढं बघाच, बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतं.

तसं एकट्या ब्रशला दोष देऊन चालणार नाही. नुसत्या पाण्याने घासलं तर डेंटिन फारसं झिजत नाही, खरी झीज करते पेस्टमधली घासणारी पूड, ब्रश फक्त ती दाबतो. पण मग जोर, कडक केस आणि वरून राखुंडी किंवा कोळशाची पावडर असं सगळं एकत्र आलं की झालंच. (मिश्रीबद्दल बोलतच नाही, ती तंबाखूच आहे.)

सॉफ्ट आणि हार्डमधला फरक बघा किती बारीक आहे. सॉफ्ट ब्रशचा केस साधारण ०.२ मिलिमीटर जाड, हार्डचा त्याहून किंचित जास्त. डोळ्याला काही कळत नाही, पण केस किती ताठ हे जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं, म्हणजे लांबी तेवढीच असेल तर जाडी दीडपट केली की ताठपणा पाचपट! मिलिमीटरच्या दशांशाचा खेळ आहे सगळा. १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचे ब्रश आले, त्याआधी डुकराचे केस वापरायचे, पण सुरुवातीचं नायलॉन फार ताठ होतं, मऊ नायलॉन यायला १९५० उजाडलं. म्हणजे मऊ ब्रश हा नंतर सुचलेला शहाणपणा आहे, लाड नाही.

तर सॉफ्ट, टोकं गोल केलेली, डोकं छोटं म्हणजे दोन दात झाकेल एवढंच, कारण म्हातारपणी तोंड पूर्ण उघडत नाही आणि शेवटच्या दाढेपर्यंत मोठं डोकं पोचतच नाही.

पण माझ्या मते हे सगळं दुय्यम. आधी हात बघा. आईची बोटं सकाळी आखडलेली असतात, बारीक दांडा पकडायला चिमटीत जोर लावावा लागतो, आणि एकदा मूठ आवळली की तोच जोर दातावर उतरतो. मी काय केलं, सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी ग्रिप आणली, जुन्या फडक्याची पट्टी दांड्याला गुंडाळून त्यावर चढवली. दिसायला विचित्र आहे पण हात सैल पडला. पार्किन्सन किंवा लकव्यानंतर हात नीट चालत नसेल तर बॅटरीचा ब्रश चांगला, दांडा मुळातच जाड आणि घासायचं काम तोच करतो. कोक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१४ च्या आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशपेक्षा प्लाक, म्हणजे दातावरचा जंतूंचा चिकट थर, २१ टक्के कमी दिसला होता. फक्त घ्यायच्या आधी हातात देऊन बघा, काहींना तो जड होतो, काहींच्या अंगठ्याने बटणच दाबलं जात नाही. जोर जास्त झाला की लाइट लागणारा मिळाला तर उत्तम.

हिरडी सरकली की फटी वाढतात, मेथी अडकते, मग आमचे बाबा आगपेटीची काडी काढतात. त्यापेक्षा फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो तो घ्या. कवळी असेल तर तिचा ब्रश वेगळा, आणि पेस्ट नको, कवळीच्या ॲक्रिलिक प्लास्टिकवर चरे पडून त्यात घाण धरते, साबण पुरे. बेसिनमध्ये ओला टॉवेल अंथरा म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. अंथरुणावरच्या माणसाला बसतं करूनच घासा, तोंडातले जंतू श्वासात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

आईची तक्रार मात्र चालूच, "ह्याने घासलं की नाही कळतच नाही." म्हटलं जिभेने बघ, दात काचेसारखा गुळगुळीत लागला तर झालं, खरखरीत लागला तर परत. आता रोज रात्री बेसिनपाशी उभी राहून जीभ फिरवत बसते. ब्रशला महिना झाला, केस अजून सरळ उभे आहेत. हार्डवाला तिने टाकला नाहीच, शनिवारी त्याने समई घासते.