बॉल मिल : सिमेंट कारखान्यातील बिघाड व देखभाल

क्लिंकर (भट्टीत भाजून निघालेले सिमेंटचे कठीण खडे) आणि जिप्सम एकत्र दळून सिमेंट तयार करणारे आडवे, फिरते पोलादी नळकांडे म्हणजे बॉल मिल. त्याची साधारण 30 टक्के जागा पोलादी गोळ्यांनी भरलेली असते. पहिल्या कप्प्यात 60 ते 90 मिमी व्यासाचे गोळे क्लिंकर फोडतात, दुसऱ्या कप्प्यातले लहान गोळे तो बारीक करतात. मध्ये चिरा असलेली जाळी, म्हणजे डायाफ्राम, असते. 4 मीटर व्यासाची मिल मिनिटाला सुमारे 21 फेऱ्यांनी फिरवली, तर गोळे भिंतीला चिकटूनच फिरतील. म्हणून ती 15-16 फेऱ्यांवर चालवतात.

सर्वांत जास्त सतावणारा बिघाड म्हणजे मिल ‘भरणे’, म्हणजे आत माल साचत जाणे. पावसाळ्यात ओला झालेला जिप्सम किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), गोळ्यांच्या तुकड्यांनी बुजलेल्या डायाफ्रामच्या चिरा, कमी पडलेली हवा, यांपैकी काहीही त्याला कारणीभूत असते. खणखणणारा आवाज बसतो, कारण गोळे मालावर आपटू लागतात. पाठोपाठ बकेट एलिव्हेटरचा (मिलमधून आलेला माल वर नेणाऱ्या बादल्यांच्या साखळीचा) भार उतरतो, मोटरचा भारही घसरतो. फसगत इथेच होते. गोळे झिजल्यावरही मोटरचा भार कमी होतो. पण ती घट काही आठवड्यांत हळूहळू होते आणि आवाज असा एकाएकी बसत नाही. नुसता मीटर पाहून भरलेल्या मिलमध्ये आणखी गोळे टाकणे हा चुकीचा उपाय आहे. आधी फीड (मिलमध्ये जाणारा माल) तोडावे, पंखा चालू ठेवावा आणि मिल रिकामी होऊ द्यावी. आवाज परत चढू लागला की निदान बरोबर ठरले.

कारण मुळापासून शोधायचे तर मिल नेहमीच्या भाराने चालू असतानाच, फीडसह, एकदम थांबवतात आणि आत उतरतात. पहिल्या कप्प्यात माल गोळ्यांच्या पातळीला असावा, दुसऱ्यात किंचित वर. दर मीटरवर नमुने घेऊन चाळले की दळण नेमके कुठे अडते ते कळते. गोळ्यांच्या पृष्ठभागापासून वरच्या लायनरपर्यंतचे (नळकांड्याला आतून बसवलेल्या संरक्षक पोलादी पाट्यांपर्यंतचे) अंतर मोजून गोळ्यांच्या भरणाचे प्रमाण काढतात. मात्र थांबलेली मिल स्थिर असतेच असे नाही. एका बाजूला चढलेले भरण तिला उलटा झोका देऊ शकते. म्हणून भरण समतोल करून, वीज तोडून, आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावल्याशिवाय आणि आतला ऑक्सिजन तपासल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये. उत्पादनाच्या घाईत यातले काहीही टाळणे अक्षम्य आहे.

मिलला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. सिमेंट 120 अंश सेल्सिअसच्या वर गेले की जिप्सममधले पाणी निघून जाऊ लागते. असे सिमेंट पाणी घालताच ताठरते आणि पुन्हा घोटले की सैल पडते. गवंडी मात्र त्यात वरून आणखी पाणी ओततो, आणि काँक्रीटची ताकद जाते. म्हणून दुसऱ्या कप्प्यात पाण्याचा फवारा मारतात. मिल पुरेशी तापलेली नसताना फवारा सुरू केला, तर गोळ्यांवर आणि लायनरवर सिमेंटचा थर बसतो.

मिलचे वजन ट्रनिअन बेअरिंगवर (मिलच्या दोन्ही टोकांच्या आधारांवर) असते. सुरू करताना उच्च दाबाचा तेलपंप मिलला अगदी थोडी उचलतो, त्यामुळे बेअरिंगचा मऊ धातू खरवडला जात नाही. थांबल्यावर तापलेले शेल (मिलचे नळकांडे) एकाच स्थितीत राहिले तर वाकते, म्हणून ते सहायक मोटरने ठरावीक वेळाने थोडे-थोडे फिरवतात. पिनिअनच्या (मिल फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) दातांचे तापमान रुंदीभर दोन-तीन ठिकाणी इन्फ्रारेड गनने घेतात. एक कड सतत जास्त तापत असेल तर पिनिअनचे अलाइनमेंट (सरळ रेषेतली बसवणूक) बिघडलेले असण्याची शक्यता दाट. नवे लायनर बसवल्यावर मिल काही तास चालवून बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण लायनर आपल्या जागी नीट बसले की ते सैल पडतात. शेलवर बोल्टभोवती सिमेंटची भुकटी गळताना दिसली, तर तो बोल्ट ढिला झाला किंवा तुटला असे समजून पुढच्या थांब्याची वाट न पाहता बदलावा. उशीर झाला तर लायनर सुटतो आणि गोळे थेट शेलवर आपटू लागतात.