ते सायनस नसून अर्धशिशी असेल

‘मला सायनस आहे’ असं दिवसातून कितीदा तरी कानावर पडतं. सायनस सगळ्यांनाच असतात: कपाळात, गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या मधे आणि नाकामागे खोलवर, हवेच्या पोकळ्यांच्या 4 जोड्या. त्यांचं अस्तर सुजलं की सायनुसायटिस. नाकही सोबत सुजतंच, म्हणून डॉक्टर ऱ्हायनोसायनुसायटिस लिहितात. 4 आठवड्यांच्या आत बरा होणारा तो तीव्र, 12 आठवडे टिकला की जुनाट. हे कुठेही वाचायला मिळेल.

खरा घोळ डोकेदुखीचा आहे. कपाळ, गाल, डोळ्यांच्या आसपास ठणकलं की लोक सायनसवर खापर फोडून मोकळे होतात. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणून नोंद असलेले 2,991 रुग्ण तपासले, तर 88 टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीच्या जातीची निघाली! कारण चेहरा आणि सायनसचं अस्तर यांच्या संवेदना एकच नस वाहून नेते. अर्धशिशीत ती चेतली की नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. हवा बदलली की दोन्ही उसळतात, खाली वाकलं की दोन्हीत जास्त दुखतं. त्यामुळे ‘वाकल्यावर दुखतं, म्हणजे सायनसच’ हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

आधी नाकाकडे बघा. सायनुसायटिसमध्ये घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड येतो किंवा घशात उतरतो, वास कळेनासा होतो, कधी ताप असतो आणि हे दिवसचे दिवस चालतं. अर्धशिशीत नाक गळलंच तर पाण्यासारखं. मळमळतं, उजेड नकोसा होतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. 4 ते 72 तासांत दुखणं ओसरतं आणि मधले दिवस माणूस ठणठणीत असतो. महिन्यातून दोनदा येऊन दुसऱ्या दिवशी साफ निघून जाणारं दुखणं सायनसचं नसतं. दोन्ही बाजूंनी दुखलं तरी ती अर्धशिशी असू शकते.

आणि कृपा करून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धशिशीवर त्याचा उपयोग शून्य. खऱ्या तीव्र सायनुसायटिसमध्येही बहुतेकदा विषाणूच असतो, आणि शेंबूड हिरवा झाला म्हणून जिवाणू सिद्ध होत नाहीत. 10 दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. मात्र डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा मान आखडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.