वर्णद्वेषी शिवी, कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीतील

अमेरिकेत गुलामगिरीच्या काळापासून आफ्रिकी वंशाच्या माणसांना हिणवण्यासाठी ‘निगर’ ही शिवी वापरली गेली. कृष्णवर्णीय कादंबरीकारांनी आपल्याच समाजाविषयी लिहिताना ती पात्रांच्या तोंडी ठेवली आणि त्यावरचा वाद शंभर वर्षे शमलेला नाही. गोऱ्याने लिहिली तर अपमान, काळ्याने लिहिली तर वास्तव, असा सरळ निवाडा अनेकदा दिला जातो. पण वाद समाजाच्या आतही तितकाच पेटला होता.

1926 साली कार्ल व्हॅन व्हेक्टन या गोऱ्या लेखकाची न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीवरची ‘निगर हेवन’ ही कादंबरी आली. थिएटरात काळ्या प्रेक्षकांना जिथे बसवत त्या सर्वांत वरच्या गॅलरीचे हे नाव. खुद्द लेखकाच्या वडिलांनी शीर्षकाला हरकत घेतली होती. पुस्तकात एक तळटीप आहे: हा शब्द काळी माणसे आपापसांत शिवी म्हणून वापरतात तसा लाडानेही वापरतात, पण गोऱ्याच्या तोंडून आला की त्यांना संताप येतो. म्हणजे नियम ठाऊक होता, आणि तरीही तो शब्द मुखपृष्ठावर होता! कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ‘द क्रायसिस’ या मासिकातून पुस्तकाला झोडपले, कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज मात्र लेखकाच्या बाजूने उभे राहिले.

दोनच वर्षांनी जमैकात जन्मलेले कृष्णवर्णीय लेखक क्लॉड मॅके यांची ‘होम टू हार्लेम’ आली. गोदी कामगार, रेल्वेतले आचारी, दारूचे अड्डे आणि त्यांची रांगडी बोली. याही वेळी ड्यू बॉइस भडकले. पुस्तकातली घाण वाचून आंघोळ करावीशी वाटते, असे त्यांनी लिहिले. तेव्हा प्रश्न लेखकाच्या कातडीपुरता नव्हता. हे वाचून गोरा वाचक आपल्याविषयी काय समज करून घेईल, ही त्यांची खरी चिंता होती. पुढे रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’मध्ये (1940) ही शिवी शहरी दारिद्र्य आणि भीतीच्या वातावरणाचाच भाग होऊन येते.

शिवीचा सर्वांत बारकाईने केलेला वापर टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’मध्ये (1970) सापडतो. त्यातली जेराल्डिन ही नीटनेटकी, मध्यमवर्गीय काळी बाई आपल्या मुलाला फरक शिकवते: आपण ‘कलर्ड’, म्हणजे स्वच्छ आणि शांत, ‘ते’ लोक मळकट आणि गोंगाट करणारे. ‘त्यां’च्यासाठी ती हीच शिवी वापरते. तिथे समोर एकही गोरा माणूस नसतो. शिवी घरातच प्रतवारी लावते, आणि पिकोला या गरीब, गडद रंगाच्या मुलीला ती भोगावी लागते. शिव्या मोजून कादंबरीचा निकाल लावणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

गोरे लेखक मार्क ट्वेन यांच्या गुलामगिरीच्या काळातल्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीची 2011 साली एक आवृत्ती निघाली, तिच्यात ही शिवी काढून त्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातला होता. असल्या सोवळेपणाची टर पॉल बीटी यांनी ‘द सेलआउट’मध्ये (2015) उडवली आहे. त्यातला एक काळा विद्वान ट्वेनचे पुस्तक ‘शुद्ध’ करताना शिवीच्या जागी ‘योद्धा’ आणि गुलामाच्या जागी ‘सावळा स्वयंसेवक’ लिहितो. या कादंबरीला 2016 चे मॅन बुकर मिळाले. पर्सिव्हल एव्हरेट यांनी ‘जेम्स’मध्ये (2024) ट्वेनचीच कथा तिच्यातल्या गुलाम जिमच्या तोंडून सांगितली. त्यातले गुलाम गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी बोली बोलतात, मुलांनाही ती शिकवतात आणि आपापसांत मात्र प्रमाण इंग्रजी बोलतात.

मराठीशी या विषयाचा धागा जुळतो तो दलित साहित्यातून. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेवरून. शरणकुमार लिंबाळे यांनी स्वतःला ऐकावी लागलेली हेटाळणीच आत्मकथनाचे शीर्षक केली, ‘अक्करमाशी’ (1984). त्याआधी दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978) आले, तेव्हा काही शिकल्यासवरल्या दलित वाचकांनाच अवघडल्यासारखे झाले होते. आपल्या वस्तीतले दैन्य सवर्णांपुढे का मांडावे, हा त्यांचा आक्षेप ड्यू बॉइस यांच्या आक्षेपाहून फारसा वेगळा नव्हता.